रिकामी फळी

ती होडी आधी पालथी घाला, मग गप्पा मारत बसा.

काय म्हणालास, शिवतेज? हात भरून आलेत? सकाळी घालू? अरे, तुझे आजोबा तापाने फणफणत असतानाही होडी पालथी घातल्याशिवाय घरी गेले नाहीत. आणि तुम्ही तालेवार, सरावातून आलात, होडी काठावर ओढलीत आणि उताणीच टाकून मोबाइल काढलेत. राहू दे. बसा. लाइट काही एवढ्यात येत नाही. मी एक गोष्ट सांगतो. संपली की तुमचं तुम्ही ठरवा, मी उठा म्हणून सांगणार नाही.

एक आधीच सांगतो. मी आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली, भुतं शिकवली नाहीत. ही गोष्ट शेवटचा भाग सोडला तर मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो आपल्या वरच्या गल्लीतला आकाराम, आयशरवाला. त्याने मला सांगितली. त्या रात्री त्याच्या शेजारी मिरजेचा महंमद बसला होता, त्यानेही सांगितली. एकाने गव्हाला पाणी पाजता पाजता सांगितली, दुसऱ्याने मिरजेत चहाच्या टपरीवर. दोघांच्या सांगण्यात तसूभर फरक नाही. खोटं बोलणाऱ्यांचं इतकं जुळत नाही, हे मी शाळेत रोज बघत आलो.

शहरात नदीकडच्या चौकात तो ब्राँझचा पुतळा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. पुतळा म्हणजे आपली शर्यतीची होडी. वल्हेकरी बसलेत, बनियन अंगाला चिकटलेत, तोंडं वासलेली, वल्ही एका तालात मागं गेलेली. ज्याने शर्यत बघितली आहे त्याला लगेच कळतं की निशाणाला वळसा घालून परत निघालेत. काम झकास आहे, त्यात वाद नाही. पण त्यात रस्त्याकडची एक फळी रिकामी आहे आणि तिच्यासमोर नुसतं वल्हं आहे. लोकांनी चढायचं, त्या फळीवर बसायचं, वल्हं धरायचं आणि फोटो काढायचा. तुम्हीही काढला असेल. मी विचारत नाही, तुम्ही सांगू नका.

ते वल्हं कुणाचं आहे, ते ऐका.

आकारामचा एकुलता एक मुलगा यशराज. माझ्याच हाताखाली शिकला. अभ्यासात सुमार, पाण्यात मासा. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताचं बोट गेलं, करंगळीशेजारचं, अगदी मुळापासून. मूठ वळली की मध्ये फट दिसायची. नेहमीचं वल्हं त्याच्या हातात फिरायचं. म्हणून आकारामने त्याच्यासाठी सागाचं वेगळं वल्हं करवून घेतलं, मुठीला जाड. ते वल्हं दुसऱ्या कुणी हातात घेतलं की यशराज असा काही बघायचा की माणूस आपणहून खाली ठेवायचा.

दोन हजार बावीसचा श्रावण. शर्यतीचा सराव चालला होता. वळसा घेताना होडी कलंडली. असं होतं, तुमचीही कलंडेल. सगळे वर आले. यशराजचं वल्हं वर आलं. यशराज आला नाही.

हरिपूरच्या संगमापर्यंत शोधलं, खाली अंकलीच्या पुलापर्यंत शोधलं. नदीने दिला नाही.

आकाराम रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर कसला? आठवड्याने तो गाडीवर गेला, भाडी मारायला लागला, वेळेवर जेवायला लागला. एकदा माझ्याजवळ बसला होता. पायावरून हात फिरवत होता. मग म्हणाला, "भाऊसो, मांडी घालून लय वेळ बसलं की पाय बधिर हुतो न्हवं? आपणच आपल्या पायाला हात लावतो. कळतंय की आपलाच हाय, पर लागत न्हाई. तसं झालंय बघा सगळं."

 

आता आपल्याकडची रीत. होडीतला माणूस पाण्यात गेला तर तेराव्याला त्याचं वल्हं सोडतात. आईने पात्याला हळदकुंकू लावायचं, बापाने मध्यावर जाऊन सोडायचं आणि मागं वळून न बघता काठाला यायचं. वल्हं गेलं की माणूस सुटला. आकारामची बायको लीलाबाई हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी राहिली. आकारामने वल्हं दिलं नाही.

"वल्हं सोडलं म्हंजी पोरगं गेलं," तो म्हणाला. "गेल्यालं कुणी बघितलंय?"

तेरावं झालं नाही. वल्हं सोप्यात आढ्याला टांगलं गेलं. लीलाबाई रोज त्याच्याखालून जायची. तिने पुन्हा विषय काढला नाही, पण वाटीही आत ठेवली नाही.

आणि पुढच्या वर्षी शहरातल्या मंडळींच्या डोक्यात हा पुतळा आला. घडवणारी मुलगी मेढ्याकडची, क्रांती तिचं नाव. पोरगी हुशार. गावोगाव फिरली, शर्यती बघितल्या, होडीची मापं घेतली. रिकाम्या फळीसमोर बसवायला तिला साचा घ्यायला एक खरं वल्हं पाहिजे होतं. सीझन चालू. कोण देणार? आकारामच्या घरी आढ्याला एक रिकामं होतं. तिने ते हातात घेतलं आणि खूश झाली. मूठ जाड आहे, लहान मुलांनाही धरता येईल, म्हणाली.

आकारामने दिलं. का दिलं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मला वाटतं, पोराची काही तरी खूण पक्की होऊन राहील असं त्याच्या मनात आलं असावं. लीलाबाई मात्र त्या दिवशी बोलली.

"आवं, सोडायचं ते तुमी मांडायला दिलंसा?"

एवढंच. मग ती वाटी आत घेऊन गेली.

आता त्या रात्रीचं. बारा डिसेंबर, दोन हजार तेवीस. मंगळवार आणि कार्तिकातली अमावस्या. पुतळा साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या पुढे एका ओतकामाच्या कारखान्यात तयार झाला होता. तो सांगलीला आणायचं भाडं आकारामनेच मागून घेतलं. दिवसा एवढी लांब वस्तू शहरात शिरू देत नाहीत, म्हणून रात्रीचा प्रवास. महंमद त्याच कारखान्यात घासकाम आणि रंगकाम करायचा. चौथऱ्यावर बसवायचं काम त्याच्याकडे, म्हणून तो बरोबर निघाला.

क्रेनने होडी उचलून गाडीत ठेवली. नाकाड मागच्या फळक्याबाहेर आलं, त्याला तांबडं फडकं बांधलं. आकाराम खाली उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून क्रांतीला म्हणाला, "बाई, होडी जमिनीवर उताणी ठिवत न्हाईत आमच्यात."

"का हो काका?"

"उताणी दिसली की तिच्यात कुणीतरी बसायचं ऱ्हायलंय आसं हुतं. म्हणून पालथी घालत्यात."

ती हसली. चांगल्या मनाने हसली. "काका, यात माणसं बसलीत. पालथी कशी घालणार?"

ते खरंच होतं.  साच्यासाठी दिलेलं लाकडी वल्हं तिने जुन्या साडीत गुंडाळून परत दिलं. ते त्याने केबिनमध्ये तिरकं ठेवलं. लांब असल्यामुळे पातं महंमदच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर राहिलं. काच वर जाईना. डिसेंबरची थंडी.

"मामा, मी गारठून मरतोय की," महंमद म्हणाला. "त्येला मागं टाकूया."

"मागं नगं," आकाराम म्हणाला.

होडीवर ताडपत्री ओढून दोरखंडाने आवळली होती. केबिनच्या मागच्या लहान खिडकीतून ती दिसायची. पुतळ्यांच्या डोक्यांनी तिला उंचवटे आले होते, आणि मध्येच एका जागी खळगा. रिकामी फळी. मागून एखाद्या गाडीचा उजेड पडला की सगळं स्पष्ट दिसायचं. डोकं, खळगा, मग ओळीने डोकी.

महंमदने निघतानाच ते बघितलं होतं आणि गमतीने म्हणाला होता, "एक पॅसेंजर कमी हाय, मामा."

आकाराम हसला नाही. पण त्याला रागही आला नाही.

नवाच्या सुमारास निघाले. हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. कारखाने जोरात. ट्रॅक्टरवर कर्णे, त्यांच्या गाण्यांची एकमेकांत मारामारी. सगळं नेहमीसारखं. महंमद आपल्या धाकट्या बहिणीच्या, शाझियाच्या, लग्नाचं बोलत होता. आकाराम हूं हूं करत होता.

भुईंजजवळ कृष्णेचा पूल लागतो. तिकडे नदी अजून लहान आहे. गाडी पुलावर चढली आणि मागून आवाज आला.

छप्प.

महंमद बोलायचा थांबला. "दोरखंड सुटला वाटतं."

पूल ओलांडून आकारामने गाडी कडेला घेतली. दोघे खाली उतरले. बॅटरी मारून सगळी बाजू बघितली. दोरखंड ताठ. ताडपत्री कोरडी. गाडीत पाण्याचा थेंब नाही. महंमदने हात आत घालून होडीचं अंग चाचपलं, थंडगार ब्राँझ. सगळं जागेवर होतं.

परत बसले. निघाले.

सातारा मागे पडला. उंब्रजच्या अलीकडे महंमदला डुलकी लागली. आकाराम गाडी चालवत होता. मागून एक ट्रक आला. त्याचा उजेड खिडकीतून केबिनमध्ये पडला. आकारामने सवयीने मान वळवून मागं बघितलं.

खळगा नव्हता.

डोकं. डोकं. मग ओळीने डोकी.

ट्रक पुढे निघून गेला. अंधार झाला. आकारामने मान सरळ केली आणि गाडी चालवत राहिला.

मी त्याला विचारलं, आकाराम, भ्याला नाहीस? मी असतो तर गाडी तिथंच सोडून पळालो असतो. तो म्हणाला, "न्हाई, भाऊसो. भ्या वाटलं न्हाई. काईच वाटलं न्हाई. नुसतं दिसलं." आणि मग म्हणाला की त्याने गाडीचा वेग तेवढा कमी केला. खड्डा आला की हळू घ्यायला लागला. मागं माणूस बसल्यावर घेतो तसा.

कराड गेलं. पेठनाक्याला गाडी सांगलीच्या रस्त्याला वळली. ट्रॉल्या कमी झाल्या. आष्ट्याच्या पुढे रस्ता मोकळा, दोन्ही अंगाला ऊस. महंमद जागा झाला. मागून एक जीप येत होती, तिचा उजेड पडला. त्याने आळस देत मागं बघितलं.

आळस अर्धाच राहिला.

"मामा."

"हूं."

"मागं..."

"हाय."

महंमद म्हणतो, त्याला मागं जे दिसलं त्यापेक्षा आकारामच्या त्या एका शब्दाची भीती जास्त वाटली. इतका साधा आवाज. जेवलास का विचारल्यावर माणूस व्हय म्हणतो तसा.

"मामा, गाडी थांबवा. ताडपत्री सोडून बघू. वाऱ्यानं फुगली आसंल. सोडून बघू, म्हंजी मनातनं जाईल."

"नगं."

"आवं पर का?"

 दुधगावचा फाटा गेला. मग आकाराम म्हणाला, "सोडून बघितलं... आणि न्हवता तर?"



डिग्रज गेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडकीतून गार वारा येत होता, पण महंमदला घाम फुटला होता. त्याने मागं बघायचं नाही असं ठरवलं आणि ओठातल्या ओठात दुवा म्हणायला लागला. समोर सांगलीचे दिवे दिसायला लागले. मध्ये नदी. नदीवर पूल.

पुलाच्या मध्यावर गाडी थांबली.

बंद पडली नाही, पोरांनो. गाडी बंद पडली असती तर मी ही गोष्ट तुम्हाला सांगितलीच नसती. आकारामने थांबवली. इंजिन बंद केलं. दिवे बंद केले.

अमावस्या. खाली पाणी दिसत नव्हतं. वास तेवढा येत होता.

दोघे बसून राहिले.

मग मागून...

छप्प.

थांबून...

छप्प.

तालात. घाई नाही. दमलेला माणूस मारतो तसं. गाडी हलायला लागली. पुढं-मागं नाही. डावीकडं... उजवीकडं... होडी डुलते तशी. आयशर, आणि वर एवढं ब्राँझ, आणि डुलत होती.

"मामा," महंमद म्हणाला.  "वाऱ्यानं..."

वारा नव्हता.

छप्प.

आकारामने दार उघडलं. महंमदच्या मांडीवरून वल्हं ओढून घेतलं, साडी सोडून सीटवर ठेवली. खाली उतरला. कठड्याला टेकून उभा राहिला, तोंड गाडीकडं करून.

तुम्हाला ठाऊक आहे, शर्यत संपली की काठावरचा माणूस हाळी देतो. वल्ही वर. तोपर्यंत कुणी वल्हं थांबवत नाही. त्या दिवशी होडी वळणालाच कलंडली होती. हाळी कुणी दिलीच नव्हती.

आकाराम उभा राहिला.  दोनदा तोंड उघडलं. मग हळू, घरात बोलतात तसं...

"यशा... वल्हं वर घे, बाळा."

छप्प नाही.

गाडी डुलायची थांबली.

काहीच नाही. नदीसुद्धा नाही.

आकारामने वळून दोन्ही हातांनी वल्हं कठड्यापलीकडं धरलं. आणि सोडलं.

दोघांनी कान दिले. तो पूल किती उंच आहे बघा. त्यावरून खडा टाकला तरी ऐकू येतो. एवढं सागाचं वल्हं...

आवाज आला नाही.

पडल्याचा आवाज आलाच नाही.

आकाराम मागं न बघता गाडीत येऊन बसला. रीतच तशी आहे. महंमदने मात्र गाडी पूल उतरताना, पहिल्या दिव्याखाली, मान वळवली. डोकं. खळगा. मग ओळीने डोकी.

पहाटे क्रेन आली, होडी चौथऱ्यावर बसली. उजाडता आकाराम घरी पोचला. लीलाबाई चुलीपुढं होती.

"सोडलं," तो म्हणाला.

"कुटं?"

"पुलावरनं."

ती खाली बसली आणि तिने जो हंबरडा फोडला तो आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आला. दीड वर्षाचं रडणं होतं ते. आकाराम शेजारी बसून राहिला. चहा उतू गेला तोही त्याने बघितला, पण उठला नाही. पुढं विधी झाला, गाव जेवलं. मीही जेवलो आणि मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलं पोरगं. आता आकारामही हळूहळू माणसांत येईल.

आता तुमच्या पुतळ्याची गंमत बघा. बसवला डिसेंबरात, पण उद्घाटनाला मोठा माणूस पाहिजे आणि मोठ्या माणसाला तारीख मिळेना. मग आचारसंहिता लागली. मग पाऊस. तोवर पुतळा ताडपत्रीत, भोवती उंच पत्रे, पत्र्याच्या दाराला कुलूप आणि दाराशी राखणदार. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. आत कुणाचा हात लागला नाही. पावसाळा अर्धा सरल्यावर एकदाची तारीख आली, तेव्हा आदल्या दिवशी महंमद मेण लावायला आला. त्याने ताडपत्री काढली आणि थोड्या वेळाने आकारामला फोन केला. आकाराम मला घ्यायला आला. हा भाग मी डोळ्यांनी बघितलेला आहे.

संध्याकाळ होती, उजेड चांगला होता. सगळी होडी काळपट तपकिरी. तो रंग औषध लावून, आच देऊन चढवलेला असतो. माणसं तशीच, फळ्या तशाच, वल्ही तशीच.

रिकाम्या फळीसमोरच्या वल्ह्याची मूठ तेवढी चकाकत होती. नव्या पितळी तांब्यासारखी.

"मामा, ह्यो रंग आसाच जात न्हाई," महंमद म्हणाला. "रोजचा हात लागावा लागतो. वरीसवरीस लागावा लागतो. देवळाच्या घंटेची दांडी झिजती तवा आशी हुती."

मी जवळ गेलो. चष्मा पुसला. चकाकी सगळ्या मुठीला नव्हती. बोटं जिथं येतात तिथंच होती, एकाखाली एक, अंगठ्याची वेगळी. आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये एका बोटाएवढी जागा काळी. शेवटच्या बारीक पट्टीच्या अगदी शेजारची.

 महंमदला ते बोट ठाऊक नव्हतं, त्याला मी तिथं सांगितलंही नाही. आकारामने बघितलं. मग त्याने विचारलं, "महंमद, ह्ये वल्हं सुटतं का?"

महंमदने वाकून सांधा बघितला. उगाचच बघितला, त्यानेच जोडला होता.

"न्हाई, मामा. आतनं वितळवून जोडलंय. आता ही होडी आणि ह्ये वल्हं एकच."

म्हणजे बघा. लाकडाचं सोडता आलं. पण बापाने पोराच्या वल्ह्याचं दुसरं एक करून ठेवलं होतं, आणि ते सोडता येत नाही. ती होडी पालथी होत नाही. रस्त्याच्या कडेला ती कायमची उताणी, एक जागा रिकामी ठेवून. तुमची होडी लाकडाची आहे. तेवढं ध्यानात ठेवा.

उद्घाटन झालं, हार पडले, भाषणं झाली. तेव्हापासून लोक त्या फळीवर बसतात. पोरं, बाया, लग्नातली जोडपी. सगळ्यांना पाचही बोटं. मी म्हटलं, आता एवढे हात लागतील, मूठ सगळीच चकाकेल आणि विषय मिटेल.

परवा आकाराम माझ्याकडं आला. "भाऊसो, चला जरा," म्हणाला. कुठं ते विचारावं लागलं नाही. चौकात गर्दी होती, एक जोडपं फोटो काढत होतं. ते उतरेपर्यंत आम्ही थांबलो. मग आकाराम चौथऱ्यावर चढला. इतक्या दिवसांत तो त्या फळीवर कधी बसला नव्हता. बसला. वल्ह्यावर उजवा हात ठेवला. मूठ वळली.

बराच वेळ काही नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"लागतंय, भाऊसो," तो म्हणाला. "आता लागतंय..."

मी त्याला उतरवायला पुढं झालो आणि माझी नजर त्याच्या मुठीवर गेली. सगळी मूठ लोकांच्या हातांनी उजळ झालेली होती. त्याची बोटं त्या उजळ भागावर बसली होती. करंगळीशेजारचं तेवढं अजून तशाच राहिलेल्या काळ्या पट्टीवर.